अ. हो. – ६८० ग्रॅम

२ नोव्हेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

फोनवर मी नुसतं बरं, बरं म्हणतो आणि तू चिडतेस, म्हणून लिहितो आहे. इकडे सर्व ठीक. घर जागच्या जागी आहे. तुझ्या गुडघ्याचं कळव.

कामाचं असं. नऊ जानेवारीला हिला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी मी वरच्या तळ्याशी असणार आहे. तुम्ही दोघी बहिणी एकोणीस वर्षं दर हिवाळ्यात तिथे बर्फात तंबू ठोकायला जात होतात. घरात चांगला पलंग असताना दोन दिवस चालत जाऊन जमिनीवर झोपणाऱ्या बायका मी दुसऱ्या कुठे पाहिल्या नाहीत, असं मी दर वर्षी दारात उभा राहून म्हणायचो. आता ते म्हणायला समोर कोणी नाही. तेव्हा एकदा जाऊन बघावं म्हणतो.

डॉक्टरांनी हृदय आणि फुप्फुसं चालू स्थितीत असल्याचं लिहून दिलं आहे. त्यांच्या दवाखान्यातला वजनकाटा सव्वा किलो जास्त दाखवतो हे मी त्यांना जाताना सांगितलं. वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी डोळ्यांना सवय आहे.

सामान जमवलं आहे. मोठी रजई, घरातला पितळी स्टोव्ह, सहा सुती बनियन, दोन टॉवेल, तवा, छत्री, बसायला घडीची खुर्ची. सगळं मिळून तेवीस किलो चारशे ग्रॅम. फक्त तंबू नाही. तो तुझ्या दुकानातून मिळावा.

आणखी एक. कोपरावर ठिगळ असलेला माझा राखाडी स्वेटर या वेळी कामाला आला असता. तो हिने अकरा वर्षांपूर्वी कुणाला तरी देऊन टाकला. कुणाला, असं विचारलं की हसायची. तुला माहीत असल्यास कळव. परत मागणार नाही, फक्त नोंद पूर्ण करायची आहे.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवण्याची तसदी घेऊ नये.

तुझे
भाऊजी

९ नोव्हेंबर

ती. स्व. भाऊजींस धाकट्या मेहुणीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुकानात दोनदा मोठ्याने वाचलं. मशीनवर बसलेल्या बाईंच्या हातून एका तंबूची शिवण हसण्याने वाकडी गेली. तो तंबू तुम्हालाच देणार होते, पण आता सरळ शिवणीचा देते. तुमच्या नशिबात बाकी सगळं वाकडं आहेच.

खुर्ची नेताय हे फार छान. तेवीस किलो घेऊन तुम्ही पहिल्या वळणापर्यंत पोचाल, आणि तिथे ती उघडून बसता येईल. छत्रीही लागेलच, कारण येणारे जाणारे बघत असतील आणि तोंड लपवायला काहीतरी हवं.

आता नीट वाचा. बर्फात सुती बनियन म्हणजे अंगावर घातलेलं पाणी. घाम आला की ते भिजतं, भिजलं की वाळत नाही, आणि तुम्ही थांबलात की गोठायला लागता. रजईचंही तेच. ती घरी राहू द्या, तिला एवढ्या वयात डोंगर झेपणार नाही. सोबतच्या खोक्यात पिसांची स्लीपिंग बॅग आहे. तिच्यावर तापमानाचे दोन आकडे आहेत. खालचा आकडा माणूस मरत नाही त्याचा आणि वरचा माणूस झोपतो त्याचा. दुकानदार गिऱ्हाइकाला खालचाच दाखवतात. तुम्ही वरचा धरा. तळाला गाद्या दोन घ्या, एक फोमची आणि एक हवेची. थंडी आकाशातून पडते असं सगळ्यांना वाटतं. ती जमिनीतून वर येते. वरून कितीही पांघरलंत आणि खाली काही नसलं, तर सकाळी पाठीकडून अर्धे गोठलेले उठाल.

खरं म्हणजे हे सगळं तुमच्याच घरात एकोणीस वर्षं चाललं होतं. ताई टूथब्रशचा दांडा कापायची, कपड्यांच्या आतल्या कापडी पट्ट्या उसवून टाकायची, कारण तेवढंही वजन नको. तुम्ही त्याच खोलीत वर्तमानपत्र वाचत होतात. तिच्या शब्दकोड्यांच्या वहीचं शेवटचं पान उघडा, यादी तिथे आहे. तिची भरलेली बॅग माळ्यावर आहे. निघायला दोन दिवस असताना ती गेली, त्यामुळे सगळं जसंच्या तसं असेल. उघडणं होत नसेल तर राहू द्या. मला तरी झालं नसतं.

स्वेटरचं मला विचारू नका. मी शपथ घेतली आहे. दुकानात मी चेनी दुरुस्त करते, शपथा मोडत नाही.

गुडघा रोज दोनदा कुरकुरतो, म्हणजे तुमच्यापेक्षा बोलका आहे.

लोभ वाढला तर वाढू द्यावा, त्याला वजन नसतं.

आपली
धाकटी

२८ नोव्हेंबर

चि. धाकटीस आशीर्वाद.

खोकं पोचलं. तंबूच्या पिशवीवर बाराशे चाळीस ग्रॅम छापलं आहे. माझ्या काट्यावर तेराशे पंच्याण्णव भरले. खुंट्या, दोऱ्या आणि खुद्द पिशवी त्यांनी वजनात धरलेली नाही. त्यांच्या मते तंबू खुंट्यांशिवाय स्वतःच्या इच्छेने उभा राहतो. मी नोकरीत असतो तर कारखान्याला सील ठोकलं असतं. स्लीपिंग बॅग मात्र लिहिली तेवढीच भरली. तो कारखानदार बहुधा फार काळ धंद्यात टिकणार नाही.

वही सापडली. बॅगही उघडली. एका बसण्यात झालं नाही, तीन दिवस लागले, पण उघडली. सव्वीस वस्तू आणि प्रत्येकीपुढे ग्रॅम. मी एकेक काढून तपासली, एकाही ठिकाणी दोन ग्रॅमचाही फरक नाही. आयुष्यभर भाजी अंदाजाने घेणारी बाई. मी कामावर गेलो की माझाच काटा वापरत असणार. टूथब्रश (अर्धा), सात ग्रॅम. चमचा, अकरा. मेणबत्तीचा तुकडा, चौदा. दुसरा अर्धा टूथब्रश कुठे आहे म्हणून शोधला, तर न्हाणीघराच्या खिडकीत आहे, तिच्या फटी साफ करायला वापरायची. मी तो वर्षभर पाहत होतो.

एक वस्तू मात्र बॅगेत सापडत नाही. यादीत अगदी शेवटी लिहिलं आहे, अ. हो., ६८० ग्रॅम. पुष्कळ विचार केला. अ. हो. म्हणजे अतिरिक्त होकायंत्र असावं. होकायंत्र यादीत वर आहेच, अठ्ठावीस ग्रॅमचं. मग सहाशे ऐंशी ग्रॅमचं अतिरिक्त होकायंत्र कशासाठी? तेवढं जड होकायंत्र फक्त जहाजावर असतं. दांडा कापून सात ग्रॅम वाचवायचे आणि इकडे हे. हिच्या हिशेबी डोक्याबद्दल माझं मत नुकतंच चांगलं झालं होतं. मी ती ओळ माझ्या यादीतून काढली आहे.

तू फोनवर सांगितल्याप्रमाणे काल दुपारी शीतगृहात जाऊन स्लीपिंग बॅगेची परीक्षा केली. तिथला व्यवस्थापक तुझ्या ओळखीचा आहे हे तू सांगितलंस, पण पंधरा वर्षांपूर्वी त्याच्या काट्याला मी सील लावलं होतं हे तुला माहीत नसावं. त्याला ते नीट आठवतं. त्याने मला फार प्रेमाने उणे नऊच्या खोलीत गोठलेल्या वाटाण्याच्या खोक्यांमध्ये झोपवलं आणि दार लावून घेतलं. दर दहा मिनिटांनी काचेतून बघून, साहेब वजनात भरतात ना, असं विचारत होता. मी आधी एकच गादी घेतली होती, मुद्दाम. चाळीस मिनिटांत पाठ बधिर झाली. दुसरी घातल्यावर झोप लागली. तू म्हणतेस ते बरोबर आहे, हे लेखी देतो.

लोभ ठेव, पण शीतगृहात नको.

तुझे
भाऊजी

६ डिसेंबर

ती. स्व. भाऊजींस सा. न. वि. वि.

व्यवस्थापकाचा फोन आला होता. इतका आनंदी माणूस मी बऱ्याच वर्षांत ऐकला नाही. पुन्हा कधी पाठवता असं विचारत होता.

अतिरिक्त होकायंत्र वाचून मला शिंकेचं निमित्त करून आतल्या खोलीत जावं लागलं. त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही. तुम्ही इतकी वर्षं सरकारी कागद वाचलेत की तुम्हाला आता टिंबाशिवाय काही दिसत नाही.

वाटाड्याशी बोलले आहे. आम्हा दोघींना नेहमी नेणारा तोच. तुमच्याबरोबर जायला तयार आहे. तुम्ही बोलत नाही असं सांगितल्यावर जास्तच तयार झाला.

चार गोष्टी विसरू नका. गॅसचा डबा झोपताना बॅगेत कुशीत घ्यायचा, नाहीतर सकाळी तो पेटायचं नाव काढत नाही. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, बर्फ वरून धरतो, मग तोंड मोकळं राहतं. विजेरीचे सेल खिशात. आणि रोजच्या मोज्यांनी झोपायचं नाही, झोपायचे मोजे वेगळे. नवरा म्हणून ताईने तुम्हाला निदान मोज्यांचं तरी वळण लावायला हवं होतं.

सगळं ठरलं की पूर्ण यादी पाठवा, जेवणासकट. मी तपासल्याशिवाय तंबूच्या खुंट्या तुमच्या हाती देणार नाही. होय, खोक्यातल्या दोन खुंट्या मी काढून ठेवल्यात. तुम्ही वजन केलंत, मोजल्या नाहीत.

लोभ आहे म्हणूनच एवढी कटकट आहे, हे जाणावे.

आपली
धाकटी

१८ डिसेंबर

चि. धाकटीस आशीर्वाद.

खुंट्या मोजल्या. दोन कमी. असा अपमान माझा नोकरीत झाला नव्हता.

यादी पूर्ण झाली. एकूण नऊ किलो शंभर ग्रॅम. हिच्या बॅगेपेक्षा कमी आहे, हे तू नजरेआड करणार नाहीस अशी आशा आहे. तेवीसवरून नऊवर आलो. खुर्ची, छत्री, तवा, रजई सर्व रद्द. माझ्या टूथब्रशचाही दांडा कापला. कपड्यांच्या पट्ट्या उसवल्या, त्यामुळे आता कोणती बाजू आतली ते कळत नाही.

तंबू, स्लीपिंग बॅग, गाद्या दोन, लोकरीचे थर तीन, वाऱ्याचं जाकीट, मोजे दोन जोड. शेगडी आणि गॅसचा लहान डबा एक. सुक्या जेवणाची पाकिटं सहा, प्रत्येकी एकशे तीस ग्रॅम. कप, चमचा हिचेच. बाकीचं सोबतच्या कागदावर आहे.

सात तारखेला सकाळी निघायचं, आठला तळ्याशी. नऊला तिथेच. दहाला वाटाड्याला त्याच्या कामाला मोकळा करतो. त्याला पलीकडच्या खोऱ्यात जायचं आहे, त्याला माझ्यासाठी खोळंबून ठेवायचं कारण नाही. मी माझ्या गतीने.

यादी तपासून खुंट्या पाठवाव्यात. काही उणं दिसणार नाही.

लोभ असो.

तुझे
भाऊजी

२१ डिसेंबर

ती. स्व. भाऊजींस नमस्कार.

यादी तपासली. नऊ किलो शंभर. अभिनंदन. इतकं हलकं सामान घेऊन कुणीच जात नाही. का जात नाही ते सांगते.

दोन दिवस वर, एक दिवस तळ्याशी, दोन दिवस खाली. दिवसाला दोन जेवणं धरली तर दहा पाकिटं होतात. तुम्ही सहा लिहिलीत. गॅस तीन दिवसांचा. वाटाड्या तिथूनच दुसरीकडे. तुम्ही तर वाण्याच्या काट्यातली अर्ध्या ग्रॅमची लबाडी दुरून ओळखणारे. तुम्ही बेरजेत चुकत नाही, भाऊजी. खाली यायचं सामान तुम्ही विसरला नाहीत, तुम्ही ते धरलेलंच नाही. शेवटी नुसतं लोभ असो लिहिलंत, त्याला शेपूट जोडायचीही तसदी घेतली नाहीत, तेव्हाच मी पाकिटं मोजायला घेतली.

तुम्हाला परत यायचं नाही, असं असेल तर ते सरळ शब्दांत लिहा. ग्रॅममध्ये लिहू नका. मी चेनी दुरुस्त करणारी बाई आहे, मला असले कूट कागद वाचता येत नाहीत. एका वर्षात एक बहीण गेली तेवढं मला पुरे आहे. तुम्हाला वाटत असेल की मागे कुणी नाही, तर मी इथे बसून कुणाला पत्रं लिहिते आहे? टपालपेटीला?

आता शपथ मोडते. ताईला काय सांगायचं ते मी पाहीन.

ते अतिरिक्त होकायंत्र नाही. टिंबं पुसून वाचा. अहो. जे ती तुम्हाला चौतीस वर्षं म्हणत होती तेच. ते तुम्ही आहात, सहाशे ऐंशी ग्रॅम. सोबतच्या पुडक्यात तुमचा राखाडी स्वेटर आहे. अकरा वर्षं तो माझ्या दुकानात वरच्या फळीवर असतो. घरी ठेवला तर तुम्ही घालाल म्हणून तिने इथे लपवला. निघायच्या दिवशी दुकानात यायची आणि सगळ्यात शेवटी तो बॅगेत घालायची. वर गेल्यावर त्याची उशी करायची. मी दर वर्षी भांडायचे की चमच्याला भोकं पाडून वजन कमी करणारी तू, हे ओझं कशाला? तर म्हणायची, ते स्वतः काही येणार नाहीत, मग न्यायला नको का? आणि तसेही ते काही बोलत नाहीत, तेव्हा फारसा फरक पडत नाही.

मागच्या वर्षी तो फळीवरून उतरलाच नाही.

आता माझी अट. स्वेटर दुकानाचा आहे. अकरा वर्षांत तो दर वेळी परत आला आहे, एकदाही वर राहिलेला नाही. बारा जानेवारीला तो मला फळीवर हवा. टपालाने चालणार नाही, वाटाड्याच्या हाती चालणार नाही. तुम्ही आणून द्यायचा. दुकान नऊला उघडतं.

खुंट्या पुडक्यात नाहीत. आधी उत्तर, मग खुंट्या.

लोभ आहे. नसता तर दहा पाकिटं कुणी मोजली असती?

आपली
धाकटी

२६ डिसेंबर

चि. धाकटीस आशीर्वाद.

तू सरळ शब्दांत विचारलंस, तसंच लिहितो.

मी काही ठरवलं नव्हतं. यादी करताना नऊ तारखेपर्यंत आलो आणि त्यापुढे काय लिहायचं ते सुचेना. जे सुचलं नाही ते मी गाळलं. गाळल्यावर बेरीज कमी आली आणि मला बरं वाटलं. का बरं वाटलं ते मी तपासलं नाही. तपासायला हवं होतं. दुसऱ्याच्या काट्यात असं दिसलं असतं तर मी सोडलं नसतं.

स्वेटर पोचला. वजन केलं. सहाशे ऐंशी बरोबर. कसर लागू दिली नाहीस, आभारी आहे. वहीचं पान भिंगाखाली पाहिलं. टिंबं नाहीतच. एक शाईचा डाग आहे आणि दुसरं मी मनाने धरलं. चौतीस वर्षं त्या हाकेला ओ दिली आणि लिहिलेली पाहिली तर ओळखली नाही.

दुरुस्त यादी अशी. पाकिटं दहा. गॅसचे डबे दोन. वाटाड्या खालपर्यंत बरोबर, त्याला तसं कळवलं आहे. तो हिरमुसला नाही. अ. हो. पुन्हा घेतलं. एकूण दहा किलो पाचशे तीस. हिच्यापेक्षा जड झालं, याचा आनंद तू करून घेशीलच.

खुंट्या पाठव.

लोभ कमी पडत होता असं नाही, मी मोजला नव्हता.

तुझे
भाऊजी

१५ जानेवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

बारा तारखेला मी सव्वानऊला दुकानात आलो. गिऱ्हाइकं होती. तू बूट दाखवत होतीस. मी स्वेटर ठेवला, तू फळीकडे बोट दाखवलंस, मी तो वर ठेवला. तू कसे आहात विचारलंस, मी बरं म्हणालो आणि निघालो. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की इतकं चालून येऊन एवढंच सांगितलं. म्हणून हे पत्र.

तळं पूर्ण गोठलेलं होतं. तुम्ही दोघी तंबू लावायचात ती जागा वाटाड्याने दाखवली. वाऱ्याच्या आड आहे, जागा चांगली निवडली होती. मला उगाच वाटायचं की तुम्ही कुठेही झोपत असाल. बाटली उलटी ठेवली, पाणी राहिलं. गॅस कुशीत घेतला. मोजे बदलले. कुठेही चूक झाली नाही. फक्त एका खुंटीला दोरी उलटी बांधली होती, ती वाटाड्याने न बोलता सोडून पुन्हा बांधली. तू त्याला माझ्याबद्दल काय सांगितलंस कोण जाणे, पाच दिवसांत आम्ही दोघं मिळून चाळीस वाक्यं बोललो असू. फार सुखाचा प्रवास झाला.

नऊला मी तिथे बसलो. पलंग सोडून लोक इथे का येतात ते विचारायचं होतं. उत्तर मिळालं असं म्हणवत नाही. पण पुन्हा दारात उभा राहून मी ते वाक्य म्हणणार नाही. दहाला सामान आवरलं. पाकिटं चार शिल्लक होती. शिल्लक होती म्हणून खाली यावं लागलं, असंही एक कारण लिहायला हरकत नाही.

दुकानात आणण्यापूर्वी स्वेटरचं वजन केलं. सातशे बारा भरले. बत्तीस ग्रॅम जास्त. वर हवा कोरडी होती, बर्फ आत आला नाही, बाटली सांडली नाही, हे वाटाड्याही सांगेल. कारणाच्या जागी मी काही लिहिलेलं नाही. तू वाळत घातलास तर घाल. मी पुन्हा वजन करणार नाही.

पुढच्या वर्षीची यादी आत्ताच करून ठेवली आहे, दहा पाकिटांची. तुझा गुडघा तोवर चालायला लागला तर तंबू मोठा लागेल, तो खुंट्यांसकट किती भरतो ते मला आधी कळव. छापलेलं नको. हिच्याच वहीत, अहोच्या खाली मी एक ओळ वाढवली आहे. न्हाणीघराच्या खिडकीतला टूथब्रशचा अर्धा भाग मी या वेळी खिशात नेला होता, तो पुढेही नेत जाईन. वजन बॅगेतल्या अर्ध्याएवढंच भरलं. टूथब्रश असं लिहिलं नाही, तो यादीत वर एकदा आहे. मी लिहिलं, ही, सात ग्रॅम.

लोभ फळीवर ठेवला आहे, तिथेच असावा.

तुझे
भाऊजी